मे महिन्याचं पान

पिंप्राळा, जळगाव
९ एप्रिल २०२५

वायर पुन्हा लावली. ठिपका हलायला लागला. काढली. ठिपका बसला. लावली. हलला. असं अकरा वेळा केलं, शालिग्राम भाऊ, आणि बाराव्या वेळी वायर हातात धरून तशीच उभी राहिले.

सुरुवात माझी नव्हती. साडेअकराला लाइट गेली. मायक्रोस्कोप आणि कॅमेरा यूपीएसवर आहेत, कूलर नाही. कूलरचा पंखा घरघरत थांबला आणि सकाळपासून थरथरणारा पडद्यावरचा ठिपका गप्प झाला. मला वाटलं पेशी मेली. दहा मिनिटांनी लाइट आली, कूलर सुरू झाला, आणि ठिपका पुन्हा जिवंत. तेव्हा मी उठून कूलरच्या वायरीला हात घातला.

हे तुम्ही मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. हातात बादली, नजर पडद्यावर. "ताई, कूलर चालू शे तवय ठिपका नाचस. बंद कया का गुमान बठस." मी म्हणाले होते, "भाऊ, आता तुम्हीच घ्या पीएच.डी." तुम्ही हसला होता. मीही.

कामाचं लिहिते. २०२३चं भिंतीवरचं कॅलेंडर तुम्ही जाताना नेलंत. त्याच्या चौकोनांत तुम्ही रोज लिहायचा: पाणी किती बादल्या, कूलर किती वाजता चालू, किती वाजता बंद. आमच्यापैकी कोणी ते कुठेही लिहून ठेवलेलं नाही. माझ्या प्रत्येक चित्रफितीवर तारीख आणि वेळ आहे. ती तुमच्या चौकोनांशी जुळवली, तर कोणती मोजमापं कूलरने हलवली आणि कोणती चांगली, हे कळेल. दुसरा मार्ग मला दिसत नाही. १४ मेला विभागात सादरीकरण आहे, ३१ला प्रबंध द्यायचा. ही शेवटची मुदतवाढ आहे.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. कॅलेंडर जपून परत करीन.

२०२३च्या १७ मेला जे झालं त्यात काही गैरसमज झाला असेल, तर तोही यात दूर व्हावा.

हेमांगी (लॅब)


पिंप्राळा
१६ एप्रिल

पारोळ्याला तुमच्या घरी आले, तर तुमच्या चपला दारात होत्या. डाव्या चपलेचा पट्टा तांब्याच्या तारेने शिवलेला. ती तार आपल्या लॅबमधली.

दारात वहिनी आल्या, सुगंधाबाई. म्हणाल्या, "घर नहीत."

मी विचारलं, कधी येतील.

"तुमले काय काम शे?"

मी म्हणाले, एक जुनं कॅलेंडर हवं होतं. त्यांनी तोंड आतल्या दाराकडे केलं. मग आत कोणाला तरी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दोन वरीसमा कोनी इचारं नही, माणूस शे का नही. आते कॅलेंडर इचारतस."

पाणी दिलं. तांब्या भरून दिला. बसा म्हटलं नाही. मी उभ्याने प्यायले आणि पारोळ्याच्या स्टँडवर परत आले. तुम्ही आत होता, हे मला माहीत आहे. मी रागावलेली नाही. रागावण्याचा हक्क मला नाही, हेही मला माहीत आहे.

तुम्ही विचारायचा, ताई, दिवसभर त्या ठिपक्यात काय बघता. मी दर वेळी "डीएनए" म्हणून मोकळी व्हायचे. आज नीट सांगते. तुमच्या पाण्याच्या नोंदींवर माझं काय अडलं आहे ते तुम्हाला कळायला हवं.

जिवाणूची एक पेशी. तिच्यात डीएनएचा एक लांब धागा, पेशीच्या लांबीच्या जवळजवळ हजारपट, कोंबून भरलेला. त्या धाग्यावर एका जागी आपण चमकणारा रंग बसवतो. तो ठिपका. बाकी काही दिसत नाही. सेकंदाला एक फोटो घ्यायचा आणि ठिपका कुठून कुठे गेला ते मोजायचं. जातो तो फार थोडा, केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका. पाण्यात सुटा कण असता तर चौपट वेळेत दुप्पट लांब गेला असता. आपला ठिपका दुप्पट जात नाही. सव्वापटीच्या थोडा पुढे. कारण तो धाग्याला बांधलेला आहे आणि भोवती दाटी आहे. थोडा सरकतो, मागे ओढला जातो, पुन्हा सरकतो.

आता प्रश्न असा: त्याला हलवतं कोण? उष्णतेने जगात सगळंच थोडं थरथरतं. तेवढंच आहे, की पेशी जिवंत आहे, खाते, ऊर्जा खर्च करते, म्हणून तीही धाग्याला धक्के देते? हे ठरवायला काही पेशींना विष देऊन त्यांची ऊर्जा बंद करायची. आपण त्यांना मेल्या काचा म्हणायचो. मेल्या काचांवरचा ठिपका कमी हलला, तर उरलेली हालचाल जिवंतपणाची.

तो कमी हलला. फारच कमी. त्यावर माझा पेपर छापून आला, त्यावरच प्रबंध उभा आहे.

मेल्या काचा मी मोजल्या जानेवारीत. जिवंत मोजल्या फेब्रुवारी ते मे. जानेवारीत जळगावात कूलर कोण लावतो?

आपण मायक्रोस्कोप कडप्प्यावर ठेवला होता आणि कडप्प्याखाली स्कूटरच्या चार ट्यूब, हादरे बसू नयेत म्हणून. तुम्ही दर सोमवारी त्यांत हवा भरायचा. मला ते पुरेसं वाटलं. शिवाय कॅमेरा जुना, एका वेळी एकाच पेशीचा चौकोन टिपणारा. शेजारची पेशी दिसली असती, तर सगळंच एकदम हलतंय हे पहिल्या दिवशी लक्षात आलं असतं.

म्हणून कॅलेंडर. मी पुन्हा येणार नाही. पत्र लिहीत राहीन.

हेमांगी


पिंप्राळा
२६ एप्रिल

चार पानं मिळाली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. पाकिटात चिठ्ठी नव्हती, पण पत्ता तुमच्या हातचा होता. मी तो ओळखला आणि बराच वेळ पाकीट फोडलं नाही.

पहिला चौकोन वाचला: "२ जाने. हवा भरली ४." मग "१३ मार्च. कूलर धुतला. गवत नवं." मग "१४ मार्च. ८ बादल्या. चालू १०.२०. बंद ५." तेव्हापासून एकही दिवस सुटलेला नाही. एके ठिकाणी तुम्ही लिहिलं आहे, "ताई जेवल्या नाहीत." ते मोजमापाच्या कामाचं नाही. तरी मी उतरवून घेतलं.

चार दिवस जुळवणी केली. कूलर चालू असतानाच्या पेशी बाजूला काढल्या. उरल्या सतरा. फेब्रुवारीत कॅमेरा दुरुस्तीला गेला होता हे तुम्हाला आठवत असेल; तो महिना जवळजवळ कोरा आहे. बहुतेक चांगली मोजमापं मेमधली असणार. त्या महिन्यात मी सकाळी सहाला यायचे, आणि तुम्ही कूलर नऊनंतर लावायचा. असं मला आठवतं. आठवणीवर प्रबंध लिहिता येत नाही.

सतरा पेशींतून जे दिसतं ते असं: जिवंत पेशीतला ठिपका मेल्या पेशीतल्यापेक्षा जास्तच हलतो. पण आम्ही छापलं तितका नाही. निम्म्याहून कमी. आणि सतरा पेशींवर तेवढंही ठामपणे म्हणता येत नाही.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हेमांगी, तुला पीएच.डी. डीएनएत करायची आहे की कूलरमध्ये?"

"सर, आकडा निम्म्यावर येतो."

"निम्मा म्हणजे शून्य नाही ना? दिशा तीच आहे ना? मग ठेव आहे तसं. बाहेरच्या परीक्षकाला जळगावचा मे माहीत नाही."

मी म्हणाले, "मला माहीत आहे."

"तुला परवापासून माहीत आहे. पेपर दीड वर्षापूर्वीचा आहे."

"भाऊंना दोन वर्षांपूर्वीच माहीत होतं."

"कोण भाऊ?"

सरांना तुमचं नाव आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा म्हणाले, "तो? ज्याने काचा बदलल्या तो?"

मी काही बोलले नाही. हे तुम्हाला लिहायची गरज नव्हती. लिहिते आहे.

मेचं पान नाही, भाऊ. चार पानं वरच्या पट्टीत अजून जोडलेली आहेत, आणि एप्रिलमागे मेच्या पानाची नीट कापलेली कड दिसते. विसरलेलं नाही. ते तुम्ही का ठेवलं, हे मी समजले नाही असं या पत्रात लिहिणार होते. लिहीत नाही.

हेमांगी


धुळ्याहून परतताना, नंतर पिंप्राळा
४ मे

"लॅमिनेट केलंय," रोशनी म्हणाली.

मी देवपूरला तुमच्या लेकीच्या होस्टेलवर गेले होते. आज रविवार. तुम्हाला विचारलं नाही, तिलाही आधी कळवलं नाही. तिच्यावर रागावू नका. ती गेटवर आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही हेमांगी ताई. फोटोत जाड दिसता." मग आम्ही समोरच्या रसवंतीवर बसलो.

"लॅमिनेट म्हणजे?"

"म्हणजे झेरॉक्सवाल्याकडून. प्लास्टिकमध्ये. आमच्या घरात दोनच गोष्टी लॅमिनेट आहेत. माझी दहावीची मार्कशीट आणि तुमचा मे महिना."

मी विचारलं, तुम्ही माझी पत्रं वाचता का.

"वाचतात. दोनदा वाचतात. ठिपक्याचं पत्र तर आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, एवढं समजावता येतं बाईला, मग एवढंसं बोलता का आलं नाही." तिने ग्लास खाली ठेवला. "आबांनी त्या वेळी आम्हाला कुणाला काही सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, ताई बोलतील. आज गुरुवार, ताई बोलतील. शुक्रवार झाला. शनिवारी दुपारी उठले आणि पान घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेले."

तिने पैसे मला देऊ दिले नाहीत.

बसमध्ये लिहायला सुरुवात केली होती. अक्षर वाचता येईना, म्हणून घरी आल्यावर पुन्हा लिहिते. पहिल्या पत्रात मी "गैरसमज" असा शब्द वापरला. तो खोडून वाचा.

१७ मे २०२३. आदल्या दिवशी पातळ काचा संपल्या होत्या. जळगावात दुकानदाराकडे नव्हत्या, धुळ्याला होत्या. तुम्हाला धुळ्याला मी पाठवलं. सरांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर दोन दिवस गेले असते. तुम्ही सकाळी लवकर येऊन कूलर भरून, चालू करून गेलात, मला ऊन लागू नये म्हणून. कंत्राटी माणूस मस्टरवर दिसला नाही की खाडा धरतात. म्हणून आपल्या लॅबमध्ये ठरलेलं होतं: ज्याने बाहेर पाठवलं, त्याने सही करायची. मी तुमची सही केली. सकाळची आणि दुपारची. मला ती चांगली जमायची. शा.चा काना तुम्ही खाली ओढता, तसा ओढायचे.

दुपारी मी मेल्या काचा पुन्हा मोजायला घेतल्या. काचा मी बनवल्या, विष मी घातलं, मायक्रोस्कोपवर मी ठेवल्या. ठिपका जिवंतासारखा हलला. सर मागे येऊन उभे राहिले. "मेलेली पेशी नाचते? काचा कोणी ठेवल्या?"

मी म्हणाले, "भाऊंनी. अदलाबदल झाली असेल."

ते एका श्वासात आलं. विचार केला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी विचार करायला रात्रभर वेळ मिळाला होता, आणि तरीही मी तेच सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मी काचा बदल्या नहीत, साहेब." सरांनी मस्टर उघडलं. दोन्ही सह्या होत्या. तुम्ही सह्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे. त्याच दिवशी तुमचं काम गेलं.

तुम्ही धुळ्याचं नाव काढलं नाही. काढलं असतं, तर सही कोणाची हा पुढचा प्रश्न होता. तुम्ही तो प्रश्न माझ्यासाठी ठेवला. मी तो चार दिवस उचलला नाही, मग दोन वर्षं.

आणि हेही लिहिते. त्या दिवशीची ती काच म्हणजे आमच्या हातात आलेलं एकमेव खरं उत्तर होतं. मेलेली पेशी कूलरसमोर हलली. चूक शोधायला तेवढं पुरे होतं. मी ती काच धुऊन टाकली.

हेमांगी


पिंप्राळा
१३ मे

अर्ज दिला. आज सव्वाचारला, प्राचार्यांच्या ऑफिसात, पोच घेतली. नक्कल सोबत आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. १७ मे २०२३ला शालिग्राम भाऊ माझ्या कामासाठी धुळ्याला होते. त्यांच्या दोन्ही सह्या मी केल्या. काचा बदलल्याचा माझा आरोप खोटा होता आणि तो खोटा आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. क्लार्कने वाचलं आणि विचारलं, "मॅडम, हे नक्की द्यायचं आहे? उद्या तुमचं सादरीकरण आहे ना?" मी म्हणाले, शिक्का मारा.

सरांना नक्कल दिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली.

"तू मला अडचणीत आणते आहेस."

"तुम्हाला मी तेव्हाच आणलं होतं, सर. तुम्हाला माहीत नव्हतं."

"नोंदणी रद्द होऊ शकते, कळतंय का? खोटी सही आहे ही. सहा वर्षं!"

"कळतंय."

"आणि त्याला पुन्हा कामावर घेणं माझ्या हातात नाही. ठेकेदार बदलला."

हे मी तुम्हाला स्पष्ट लिहिते, कारण तुम्ही कशाची आशा धरून राहू नये. तुमची नोकरी मी परत देऊ शकत नाही. माझी नोंदणी राहील की जाईल, सांगता येत नाही. उद्या अकराला सादरीकरण होईल. पहिलं चित्र पडद्यावर लावायच्या आधी मी अर्जातल्या तीन गोष्टी सगळ्यांसमोर बोलणार आहे. मग सतरा पेशी दाखवणार आहे. मग छापलेला आकडा चुकीचा आहे आणि नियतकालिकाला तसं कळवलं आहे, असं सांगणार आहे. कळवलं आहे, काल.

तुमचं पान मी यापुढे मागत नाही. ते तुमचं आहे. ते मिळालं नाही, तर मी पेशी पुन्हा मोजीन. सकाळी सहा ते नऊ, कूलर खोलीबाहेर. दिवसाला तीन पेशी धरल्या तरी दिवाळी येईल. मुदत संपली तर मुदतीशिवाय मोजीन. पेशी जिवंत असते तेव्हा ती धाग्याला धक्का देते की नाही, याचं उत्तर कुणीतरी जळगावच्या या खोलीत बसून एकदा खरं खरं लिहिलं पाहिजे. सतरा पेशी म्हणतात, देते. मला ते पक्कं करायचं आहे.

कूलर मी आजच दाराबाहेर काढला. दुपारी खोलीत त्रेचाळीस होतं. कडप्प्याला हात लाववत नव्हता.

हे पत्र तुम्हाला वेळेत मिळणार नाही, म्हणून याचा फोटो रोशनीला पाठवते आहे. तिने वाचून दाखवायचं की नाही, ते तिने ठरवावं.

हेमांगी


नोंद. १४ मे २०२५, बुधवार. लॅब.

सकाळी साडेनऊला शालिग्राम भाऊ आले. पारोळ्याहून सातच्या बसने. दारात कूलर बघून थांबले, मग चपला काढून आत आले. पिशवीतून पान काढून टेबलावर ठेवलं. १७ तारखेच्या चौकोनात: "८ बादल्या. चालू ७.४०. मी धुळे, काच. बंद ६.१०." शेजारी प्लास्टिकखाली बसचं तिकीट. म्हणाले, "उतारी ल्या. पान मी लई जासू." मी १ ते १७ तारखेचे चौकोन उतरवून घेतले. नऊच्या आधीच्या चांगल्या पेशी अठ्ठेचाळीस निघाल्या.

अकराला सादरीकरण झालं. तीन गोष्टी सांगितल्या. भाऊ शेवटच्या रांगेत बसले होते. सर मध्येच उठून गेले, दहा मिनिटांनी परत आले. समितीने प्रबंध तूर्त स्वीकारला नाही. अर्जावर चौकशी होईपर्यंत नोंदणी स्थगित.

भाऊ लॅबमध्ये परत आले ते पिशवी घ्यायला. पिशवी खांद्याला लावल्यावर त्यांनी कडप्प्याखाली हात घातला, चारही ट्यूब एकेक करून दाबून पाहिल्या, आणि पंप कुठे आहे ते विचारलं.